ऐनवेळचे विषय

एकोणतीस वर्षं मी प्रोसिडिंग लिहिलं
बोरबोडी ग्रामपंचायतीचं,
निळ्या शाईत, समासाच्या आत.
सूचक अमुक, अनुमोदक तमुक,
ठराव सर्वानुमते मंजूर.
'सर्वानुमते' हा शब्द हाताला इतका सरावला
की घरच्या किराण्याच्या यादीखालीही
एकदा उमटून गेला.

एक मेची सभा.
समाजमंदिराचे पत्रे तापलेले.
विषय क्रमांक सात :
गावालगतच्या जलाशयाचे सुशोभीकरण करणेबाबत.
काठाला सिमेंट, बसायला बाकडी,
आणि पायडलची होडी, हंसाच्या आकाराची.
मागून, चपलांच्या ढिगाजवळून
पारबता डहारे उठली.

ती बरंच बोलली.
दाढक, बोटरी, वाघूर,
पाण्याखालचा चिला, वरचं पोवन,
आर्द्रा लागल्यावर कोण कोणत्या गवतात शिरतं,
बेशरम वाढली तर कोण गाव सोडून जातं.
"सिमिट लावाल, तं मासोरी अंडे कोठी घालन?
पंचायतीच्या कपाटात?"
लोक हसले. सरपंचही हसले.
मी लिहिलं : चर्चा झाली.

दोन शब्द.
गावाबाहेर सोडायचं मांजर
पोत्यात मावतं, तशी ती त्यात मावली.

निवृत्तीनंतर झोप येईना.
पाठकोऱ्या नोटिशींवर कविता लिहू लागलो.
या बाजूला घरपट्टीची थकबाकी,
त्या बाजूला पारबता.
एका सकाळी घेऊन गेलो तिच्या दारी.
पायाच्या अंगठ्याला दोर अडकवून
ती जाळं सांधत होती.
मी घसा खाकरला आणि जरा सुरातच वाचलं,
"तळ्याच्या डोळ्यांतले मूक अश्रू..."

"कोनाचे अश्रू?"
तळ्याचे.
"तरा रडत नाई बाबू. तरा आटते."
खोडलं.
"आन मूक कोन? मी तं बोलली होती."
तेही खोडलं.
"शेवंता नान्हे कोठी आहे याच्यात?
तिनंच मले कोपरानं ढोसलं, ऊठ मनून.
तिचं लिव."
लिहिलं. आत जागा नव्हती, समासात लिहिलं.
"लोकं हासले ते?"
लिहिलं.
सुई जाळ्यातून गेली, परत आली.
"आन मले खाली कोन बसवलं?"

पंख्याखाली बसून, घड्याळाकडे पाहत
'बाई, वेळ कमी आहे, बसा आता'
असं म्हणणारा माणूस
सरपंच नव्हता.
तिला माहीत होतं.
पेन जिथं टेकलं होतं तिथं
शाईचा ठिपका मोठा होत गेला,
खालच्या थकबाकीपर्यंत झिरपला.

मग लिहिलं : मी.
एकोणतीस वर्षांत हा शब्द
कधी वापरावा लागला नव्हता.
प्रोसिडिंगमध्ये 'सभा' असते,
सभेला घाम येत नाही.

बोडीवर आज बाकडी आहेत.
हंस काठाला उलटा पडलाय,
त्याच्या पोटात साचलेलं पाणी
आणि डासांची अंडी.
या कवितेनं सिमेंटचा टवकाही उडालेला नाही,
हेही नोंदवून ठेवतो.

कागदावर शेवटी माझं थोडं उरलं,
खाडाखोड फार.
तरी पुन्हा वाचून दाखवलं,
या वेळी सूर न लावता.
ती 'तरा' म्हणते तिथं 'तरा'च म्हटलं,
जीभ जरा अडखळली.
तिनं दोऱ्याची गाठ दातानं तोडली,
जाळं उजेडापुढं धरलं,
कुठं कुठं फाटकं राहिलंय ते पाहत
म्हणाली, "मंग?"